शासकीय अनुदान, शालेय साहित्य आणि समाजाचे दायित्व
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात जिल्हा परिषदेच्या शाळांना मिळणाऱ्या अनुदानाचा विषय मांडला जावा, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी जी चार दाने परंपरेने सांगितली, त्यांतील शास्त्रदानाचा आजच्या व्यवहारातील अर्थ शोधू गेल्यास वाट गावच्या शाळेपर्यंतच येऊन पोहोचते. शासनाने 'लोकसहभागा'चे आवाहन केल्यापासून शाळांचे मुख्याध्यापक व्यापाऱ्यांकडे, विश्वस्तांकडे आणि दानशूर कुटुंबांकडे संगणक, प्रोजेक्टर, टीव्ही संच यांसाठी येऊ लागले आहेत. समाज उदार आहे. देणगी मिळते, संचावर दात्याचे नाव घातले जाते, छायाचित्र निघते. त्यानंतर त्या संचाचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न विचारण्यापूर्वी शासनाचा पैसा शाळेपर्यंत कसा येतो, कशासाठी येतो आणि कोठे अडतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. धाराशिव जिल्ह्याचा गेल्या चार दशकांचा अनुभव एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो. वस्तू विकत घेण्यासाठी पैसा मिळतो. ती वस्तू रोज वापरती ठेवण्यासाठी लागणारा लहान, पण दरवर्षी लागणारा पैसा अपुरा पडतो. शासनाच्या योजनांत जी उणीव राहिली, तीच समाजाच्या दानातही राहू नये, एवढ्यासाठी हे विवेचन.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

२०२३ मध्ये ज्याचे धाराशिव हे नाव अधिकृत झाले, तो पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी मुलांना मातृभाषेतून पुढे शिकणे कठीण होते. त्या काळात लोकांनी स्वतःच्या बळावर शाळा उभ्या केल्या. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय शाळा हे त्याचे ठळक उदाहरण. स्वामी रामानंद तीर्थ यांनी या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. सरकारी साहाय्याविना शाळा चालविण्याची परंपरा या मातीत आहे, हे विसरता येत नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. उरलेल्या भागात आज धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा असे आठ तालुके आहेत. पर्जन्यछायेचा, वारंवार दुष्काळ पडणारा हा प्रदेश. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि त्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे चालवावी लागतात. उमरग्याच्या बाजूला मराठीबरोबर कन्नड, उर्दू आणि तांड्यांवर बंजारा बोली ऐकू येते. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्याचा समावेश केंद्र शासनाने २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत केला. महाराष्ट्रातील अन्य तीन जिल्हे नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोली हे होत. मागासलेपणाची ही नोंद क्लेशदायक असली, तरी तिच्यामुळे जिल्ह्याकडे शिक्षणाच्या योजना नेहमीच लवकर आल्या. म्हणूनच या योजनांचे खरे फलित पाहण्यास हा जिल्हा योग्य ठरतो.

खडू-फळा योजना आणि कुलूपबंद पेटी

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७-८८ पासून केंद्राची 'खडू-फळा' योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य मिळावे, हा तिचा हेतू. फळा, नकाशे, तक्ते, विज्ञानपेटी, खेळणी, गोष्टींची पुस्तके अशी यादी ठरली. ज्या एकशिक्षकी शाळेत यापूर्वी धड फळाही नव्हता, तेथे ही मोठीच प्राप्ती होती.

पण खरेदी वरून झाली आणि वाटपही वरून झाले. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढते. मुख्याध्यापक बदलून गेला म्हणजे रजिस्टरातील वस्तू मोजून चार्ज द्यावा लागतो. भिंग फुटले, चुंबक हरवला, नकाशा फाटला, तर जबाब द्यायचा कोणी? मुलांच्या हाती साहित्य देणारा शिक्षक अडचणीत येणार आणि पेटीला कुलूप लावणारा निर्धास्त राहणार, अशी ही रचना होती. परिणामी कित्येक ठिकाणी विज्ञानपेटी कपाटातच राहिली. यात शिक्षकाचा आळस शोधण्यापेक्षा नियमाचा स्वभाव पाहावा. वस्तू जपणे हेच कर्तव्य ठरविले, तर ती वापरली जात नाही. 'डेडस्टॉक' हा कार्यालयीन शब्द अशा वेळी शब्दशः खरा ठरतो.

पाचशे रुपयांचे सामर्थ्य

१९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या या कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे पाचही जिल्हे मराठवाड्यातील होते. खर्चाचा ८५ टक्के वाटा केंद्राचा आणि १५ टक्के राज्याचा होता. वर्षभरापूर्वीच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप होऊन लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली होती. शाळांच्या भिंती कोसळल्या होत्या आणि वाचलेल्या मुलांच्या हाती पाटीही राहिली नव्हती.

या कार्यक्रमातील एक तरतूद आकाराने अगदी लहान होती. प्रत्येक शिक्षकास शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये आणि प्रत्येक शाळेस सुधारणेसाठी २,००० रुपये. रक्कम क्षुल्लक वाटते; पण तिचे वैशिष्ट्य असे, की ती कशावर खर्च करावी हे शिक्षकाने ठरवायचे होते. पुठ्ठा, रंगीत कागद, डिंक, स्केचपेन, सुतळी, मणी एवढ्या सामानातून शब्दपट्ट्या, अंककार्डे, दशकाच्या माळा, गोष्टींचे तक्ते तयार करता येतात. चिंचोके, काड्या आणि खडे यांना तर पैसेही पडत नाहीत. गट आणि समूह साधन केंद्रे याच काळात उभी राहिली आणि साहित्यनिर्मितीच्या कार्यशाळा घेतल्या जाऊ लागल्या. वरून आलेली पेटी आणि शिक्षकाने स्वतः बनविलेले अंककार्ड यांत मोठा फरक असतो. कार्ड फाटले तर शिक्षक दुसरे करतो. त्यासाठी कोणाला जबाब द्यावा लागत नाही, आणि कोणत्या मुलाचे कोठे अडते हे त्याला ठाऊक असल्याने कार्डही त्या मुलासाठीच तयार होते.

२००१ पासून राबविल्या गेलेल्या सर्व शिक्षा अभियानाने शिक्षकामागे ५०० रुपयांची हीच पद्धत देशभर नेली. पुढे शाळा अनुदान प्राथमिकसाठी ५,००० आणि उच्च प्राथमिकसाठी ७,००० रुपये झाले. अर्थात या रकमेचाही दुरुपयोग झाला नाही असे नाही. बाजारातून छापील तक्ते आणून पावती फाईलला लावली, की उपयोगिता प्रमाणपत्र पूर्ण होते. प्रमाणपत्राचे नाव उपयोगितेचे. ते मोजते फक्त खर्च. तक्ता भिंतीवर वर्षभर लटकला, की मुलांच्या हाती गेला, याची नोंद त्यात नसते.

संगणक आले आणि थांबले

तंत्रज्ञानाची कथा याहून वेगळी नाही. १९८४ मध्ये पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या परिचयाची 'बालचित्रवाणी', स्थापन झाली. तिच्या कार्यक्रमांचे दूरदर्शनवरून प्रसारण होई. केंद्राच्या योजनेतून शाळांना टीव्ही संच आणि रेडिओ-कॅसेट यंत्रे देण्यात आली. कार्यक्रम चांगले होते. पण ज्या शाळेत वीज नाही, तेथे ते कोण पाहणार? केंद्राचे अर्थसाहाय्य थांबल्यानंतर बालचित्रवाणीची आर्थिक स्थिती खालावत गेली आणि २०१७ मध्ये ती बंद झाली.

त्यानंतर संगणक आले. सर्व शिक्षा अभियानात नावीन्यपूर्ण उपक्रमांसाठी जिल्ह्याला वर्षाला ५० लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. संगणकाच्या साहाय्याने शिक्षण हा त्यातील एक भाग. माध्यमिक शाळांसाठी महाराष्ट्रात आयसीटी योजना तीन टप्प्यांत राबविली गेली. पहिल्या टप्प्यात ५००, दुसऱ्यात २,५०० आणि तिसऱ्यात ५,००० अशा एकूण ८,००० शाळांत संगणककक्ष उभे राहिले. पद्धत अशी, की खासगी कंपनीने संगणक बसवावेत, संगणक निदेशक नेमावा, पाच वर्षे कक्ष चालवावा आणि नंतर तो शाळेकडे सोपवावा. पाच वर्षे संपली. निदेशकांची सेवा संपुष्टात आली आणि त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलने करावी लागली. शाळेच्या वाट्याला जुने झालेले संगणक, निकामी बॅटऱ्या आणि वीजबिल आले. सहाव्या वर्षी कक्ष कोणाच्या पैशाने चालणार, याचे उत्तर योजना आखताना दिले गेले नव्हते.

प्राथमिक शाळांत २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर 'डिजिटल शाळे'ची लाट आली. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅबलेट, मोठे टीव्ही संच आले. गावांनी दाखविलेला उत्साह खरा होता. मुले चित्रफितीतील कविता म्हणू लागली, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेली काही मुले परत आली. पण विजेची थकबाकी झाली म्हणून शाळेची जोडणी तोडली गेल्याच्या बातम्याही याच काळात महाराष्ट्राच्या अनेक भागांतून येत राहिल्या. आकांक्षित जिल्ह्यांच्या प्रगतीचे मोजमाप करताना शाळेतील विजेची जोडणी केवळ असणे पुरेसे मानले गेले नाही; ती चालू असली पाहिजे, असा निकष ठेवला गेला, याचे कारण हेच.

या सर्वांच्या तुलनेत एकच साहित्य असे आहे, की जे प्रत्येक मुलाच्या हाती पोहोचते आणि रोज वापरले जाते: पाठ्यपुस्तक. बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी झाली आणि पहिली ते आठवीची पुस्तके आज शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांना विनामूल्य मिळतात. पुस्तक यशस्वी का ठरले? त्याला वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही. आणि मुख्य म्हणजे ते दरवर्षी येते. एकदाच दिलेल्या वस्तूपेक्षा दरवर्षी नेमाने येणारी वस्तू शाळेच्या जीवनात मुरते.

आजचा हिशेब

२०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षण अभियान एकत्र करून 'समग्र शिक्षा' योजना आली. तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरला. निरनिराळी लहान अनुदाने एकत्र करून शाळेस 'संयुक्त शाळा अनुदान' देण्याची पद्धत सुरू झाली. २०२१ ते २०२६ या कालखंडाच्या आराखड्यात पटसंख्या ३० पर्यंत असलेल्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाच्या शाळेस २५,०००, १०१ ते २५० पटास ५०,०००, २५१ ते १,००० पटास ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेस १,००,००० रुपये अशी मर्यादा ठेवली गेली. यातून नादुरुस्त साहित्य बदलणे, वीजबिल, इंटरनेट, पाणी, शैक्षणिक साधने, वर्तमानपत्र, किरकोळ दुरुस्ती हे सारे भागवायचे. शिवाय किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची.

भूम किंवा वाशी तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या २५ मुलांच्या वस्तीशाळेचा हिशेब मांडून पाहावा. मर्यादेएवढे पूर्ण अनुदान मिळाले असे धरले, तरी १०,००० रुपयांतून स्वच्छतेचे १,००० गेले आणि ९,००० राहिले. बारा महिन्यांनी भागल्यास महिन्याला ७५० रुपये येतात. त्यातच खडू, वीजबिल, नळाची तोटी, इंटरनेटचा रिचार्ज आणि बिघडलेल्या टीव्हीची दुरुस्ती. ८० मुलांच्या शाळेत हीच रक्कम महिन्याला १,८७५ रुपये होते.

याच योजनेत वरच्या वर्गांच्या शाळांतील 'स्मार्ट वर्गखोली'साठी एकदाचे २ लाख ४० हजार रुपये आणि त्यापुढे चालू खर्चासाठी वर्षाला ३८,००० रुपये धरलेले आहेत. म्हणजे एक स्मार्ट वर्ग चालता ठेवण्यास वर्षाला ३८,००० रुपये लागतात, असा शासनाचाच अंदाज आहे. ज्या शाळेला वर्षाचे सारे मिळून १०,००० किंवा २५,००० रुपये मिळतात, त्या शाळेला एखाद्या दात्याने तसाच संच भेट दिला, तर तो चालविण्याचा खर्च कोठून यायचा? पहिल्या वर्षी शिक्षक पदरमोड करतात. दुसऱ्या वर्षी गावात वर्गणी मागतात. तिसऱ्या वर्षी संचावर कापड घातले जाते. दात्याची भावना शुद्ध असली तरी दान डेडस्टॉकमध्ये जमा होते.

यात आणखी एक अडचण काळाची आहे. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांच्या निधीसाठी एकच मध्यवर्ती खाते आणि शाळांसाठी शून्य शिलकीची खाती अशी व्यवस्था लागू झाली. पैसा कोठे पडून राहतो हे त्यामुळे दिसू लागले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु अनुदानाची मर्यादा वर्षाच्या उत्तरार्धात उपलब्ध झाली, तर मार्चअखेरीस घाईघाईने खरेदी करावी लागते किंवा ती संधी हातची जाते. जून महिन्यात मुलांना जे हवे असते, त्याचा पैसा फेब्रुवारीत येऊन उपयोग काय?

थोडक्या साधनांत साधलेले कार्य

परिस्थिती अशी असूनही काही शिक्षकांनी मार्ग काढले. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षकांनी वर्गाच्या फरशीवरच अंकांचे आणि अक्षरांचे आलेख काढले, खडे-काड्यांनी गणित शिकविले आणि हा ज्ञानरचनावादी प्रयोग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे आले. फरशीवर रंगविलेल्या चौकटीला वीज लागत नाही.

परंडा तालुक्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून ध्वनिफिती आणि चित्रफिती पुस्तकाशी जोडण्याचा प्रयोग केला. ही कल्पना पुढे पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांमध्ये वाटली. या प्रयोगाचे मर्म असे, की नवे तंत्र दरवर्षी नेमाने येणाऱ्या पुस्तकाच्या आधारे घरात पोहोचले. वेगळे यंत्र विकत घ्यावे लागले नाही.

धाराशिव जिल्ह्यातच उमरगा तालुक्यातील कडदोरा येथील जगदंबानगर शाळेचे शिक्षक उमेश खोसे यांना २०२१ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. तांड्यावरील मुलाच्या घरची भाषा बंजारा, पुस्तकाची भाषा मराठी. या दोहोंमधील अंतर ओळखून त्यांनी मुलांच्या बोलीत साहित्य तयार केले आणि इंटरनेट नसतानाही चालतील अशी शैक्षणिक ॲप सिद्ध केली. मार्च २०२० नंतर करोनाकाळात शाळा बंद राहिल्या, तेव्हा नेटवर्कविना चालणाऱ्या साहित्याचे मोल साऱ्या महाराष्ट्राला कळले. तांड्यावर काय लागते हे तांड्यावरच्या शिक्षकाला ठाऊक होते. मुंबई-दिल्लीत तयार झालेल्या खरेदीच्या यादीत ते आले नसते.

समितीचा अधिकार

येथे कायद्याची एक तरतूद प्रत्येक नागरिकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम. शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून 'किंवा अन्य कोणत्याही मार्गाने' मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे, हेही तिचेच काम. अर्थात दात्याने दिलेल्या पैशावर लक्ष ठेवण्याचा अधिकार कायद्याने गावातील आई-वडिलांना दिलेला आहे.

ही समिती अनेक गावांत कागदावर असते. सभेचे इतिवृत्त एका हाताने लिहिले जाते आणि सह्या घरोघरी फिरून गोळा होतात. समिती जागी असेल, तर मात्र साधे प्रश्न विचारले जातात. या वर्षी अनुदान किती आले? त्यातून काय घेतले? ते मुलांच्या हाती किती दिवस गेले? टीव्ही बंद आहे तर किती महिन्यांपासून? असे प्रश्न विचारणारी एक माता शंभर उपयोगिता प्रमाणपत्रांहून अधिक उपयोगी ठरेल.

समाजाने काय करावे

शिक्षणकार्यात समाजाचा वारसा लहान नाही. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील गरीब मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मुष्टिफंडाची कल्पना रूढ केली. घरातील स्त्रीने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि संस्थेने ते गोळा करावे. एका मुठीने कोणाचे पोट भरत नाही. पण ती मूठ पुनःपुन्हा येत राहते, म्हणून वसतिगृह चालते.

१९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेले आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. कपडे आणि पुस्तके वाटून हे काम संपविता आले असते. परंतु मुले मोठी होईपर्यंत त्यांना सांभाळणारी व्यवस्था वाघोली येथे उभी राहिली. याच संघटनेने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ५०० जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू केला आणि पुढे राज्य शासनाने तो स्वीकारला. त्यात मुलांसाठी कृतिपुस्तिका होत्या, शिक्षकांचे प्रशिक्षण होते आणि शाळेत जाऊन पाठपुरावाही होता.

या दोन्ही उदाहरणांचा मथितार्थ दात्यांनी ध्यानी घ्यावा. शाळेस देणगी देण्यापूर्वी काही गोष्टींची खातरजमा करणे कठीण नाही. शाळेच्या विकास आराखड्यात त्या वस्तूची मागणी आहे का, हे पाहावे. शाळेची वीजजोडणी चालू आहे का, थकबाकी किती आहे, हे विचारावे. पूर्वी मिळालेल्या संचांपैकी किती चालू आहेत, हे डेडस्टॉक रजिस्टर समोर ठेवून पाहावे. बंद संच दुरुस्त करणे नव्या संचापेक्षा स्वस्त पडण्याचा संभव असतो. संच वापरणाऱ्या शिक्षकाची बदली झाली, तर पुढे तो कोण चालविणार, हे समितीला विचारावे. आणि देणगीचा ठराव समितीच्या सभेत व्हावा, म्हणजे तिच्यावर गावाची नजर राहील.

देणगीची विभागणीही बदलता येईल. एका शाळेस लाखभर रुपयांचा संच देण्याऐवजी निम्मी रक्कम साहित्यासाठी आणि निम्मी पुढील पाच वर्षांच्या वीज, दुरुस्ती व इंटरनेटसाठी राखून ठेवावी. अगदी लहान वस्तीशाळेस संच देऊच नये. तिला वर्षाला पाच हजार रुपये, पण सलग दहा वर्षे द्यावेत, आणि ते कशावर खर्चायचे हे शिक्षक व समितीने ठरवावे. जूनमध्ये द्यावेत, म्हणजे शासनाचे अनुदान येईपर्यंत शाळेचे अडणार नाही. ऊसतोडीहून परतणाऱ्या मुलांसाठी वह्या आणि सरावपुस्तिका मार्च-एप्रिलमध्ये लागतात, त्याही याच निधीतून मिळू शकतील. जिल्ह्यात तेर येथे कै. रामलिंगप्पा लामतुरे पुराणवस्तू संग्रहालय आहे, धाराशिवची लेणी आहेत, नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले आहेत. इतिहासाचे याहून जिवंत शैक्षणिक साहित्य कोणते? परंतु शेजारच्या तालुक्यातील कित्येक मुलांनी ते पाहिलेले नसते, कारण एका दिवसाच्या बसभाड्याची सोय होत नाही. असे भाडे देण्यास दात्याचे नाव कोठेही कोरावे लागत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. समाजाने वीजबिल भरले, तर शासन आपल्या कर्तव्यातून मोकळे होणार नाही काय? हा धोका खरा आहे. म्हणून दान आणि मागणी ही दोन्ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत. प्रत्येक वर्गास आवश्यक शैक्षणिक साहित्य, खेळसाहित्य आणि शाळेस ग्रंथालय देणे शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार शासनावर बंधनकारक आहे. ट्रस्टने शाळेस साहाय्य करतानाच, अनुदान वेळेवर आणि पुरेसे मिळावे यासाठी समितीच्या माध्यमातून जिल्हा परिषदेकडे लेखी पाठपुरावा करावा. व्यापारी समाजाला हिशेबाची दृष्टी उपजत असते. पेढीवरचा माल पडून राहिला तर भांडवल अडकले असे जो समाज मानतो, त्याने शाळेच्या कपाटात अडकलेल्या भांडवलाकडे दुर्लक्ष करावे, हे शोभणारे नाही.

ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण झाली ती एका मोठ्या देणगीच्या बळावर नव्हे. वर्षानुवर्षे अनेक कुटुंबांनी नेमाने दिलेल्या वर्गणीच्या बळावर. संस्था कशाने टिकते हे या सभागृहात बसलेल्यांना वेगळे सांगावयास नको. तोच नेम जिल्हा परिषदेच्या एखाद्या लहानशा शाळेसाठी धरावा, तिचे वीजबिल, तिचे खडू, तिची पुस्तके यांची दरवर्षी आठवण ठेवावी, एवढीच या सुवर्णवर्षात समाजाकडून अपेक्षा आहे.